बोटीचा सायलेन्सर

गिरणीत लाईट गेली आणि मंदाबाईंचं तोंड तसंच हलत राहिलं. चाक घरघरत थांबलं, पिठाचा धुरळा होता तिथेच तरंगत राहिला, आणि चारही बायकांनी, गोंगाट थांबला की माणसं न ठरवता करतात तसे, आपापले आवाज खाली आणले. क्षणापूर्वीपर्यंत हेमांगीला सगळं ऐकू येत होतं. मंदाबाईंच्या सुनेनं माहेरी जाताना नेलेला मिक्सर, तो परत न आल्याचं दुःख, विचारलं तर सून काय म्हणाली, हे सगळं गिरणीच्या खडखडाटावर ओरडून सांगितलं जात होतं आणि हेमांगी योग्य जागी हसत होती, योग्य जागी च्च करत होती. आणि आता मंदाबाईंचे ओठ हलत होते, त्यांच्या कपाळावर पीठ होतं, त्या काहीतरी विचारत होत्या हे भुवयांवरून कळत होतं, पण शब्द येत नव्हते. हेमांगी गोड हसली आणि म्हणाली, हो ना. मंदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे ती जागा हो ना म्हणायची नव्हती. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, दळण तसंच डब्यात ठेवून, उद्या नेते असं कुणाला तरी सांगून ती बाहेर पडली. धुळ्याच्या देवपुरातलं ऊन आश्विनातही डोक्यावर हातोडा घेऊन उभं होतं, रस्त्यावर एक रिक्षा फटफटत उभी होती, आणि त्या फटफटाटात रिक्षावाल्यानं पलीकडच्याला दिलेली शिवी तिला अगदी स्वच्छ ऐकू आली. तिला बरं वाटलं. शिवीनं बरं वाटावं अशी वेळ आली होती.

हे मास्कच्या दिवसांत सुरू झालं, निदान तिला कळलं तेव्हा. ती पतसंस्थेत काउंटरला बसायची. काचेपलीकडे माणसं मास्क लावून उभी राहायची आणि तिला त्यांचं बोलणं घोंगडीतून आल्यासारखं वाटायचं. सगळेच म्हणायचे की मास्कमुळे ऐकू येत नाही, म्हणून तीही म्हणायची. मग मास्क गेले आणि माणसांचे आवाज परत आले, आणि एके दिवशी एक म्हातारे आबा खाली मान घालून सही करता करता बोलले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आवाज परत आलेलेच नाहीत, नुसते ओठ परत आलेत. त्या दिवशी ती घरी येऊन बराच वेळ मोरीतला नळ सोडून उभी राहिली. नळ ऐकू येत होता. पुढे ती जळगावला गेली. धुळ्यात कानाचे डॉक्टर नव्हते असं नाही, पण धुळ्यात दवाखान्याच्या बाकावर बसलं की संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना कळतं. घरी सांगितलं, रूपाकडे जाते. रूपा तिची कॉलेजातली मैत्रीण, जळगावात सोन्याच्या दुकानात कामाला. तिच्याकडेही ती गेली, म्हणजे ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि सांगितलं की कानात तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते ताठ होत चाललंय. ऑपरेशन होतं, मशीन लावता येतं, घाई नाही, पण दुर्लक्षही करू नका. मग हसून विचारलं, गोंगाटात तुम्हाला जास्त चांगलं ऐकू येतं ना? तिला तो माणूस जादूगार वाटला. डॉक्टर म्हणाले, गोंगाट तुमच्या कानाला तितका पोचत नाही, आणि गोंगाटात बाकीचे लोक ओरडून बोलतात, म्हणून तुमचं भागतं. शिवाय स्वतःचा आवाज तुम्हाला आतून मोठा वाटतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. त्यामुळे कुणाला संशयही येत नसेल.

आला नव्हता. बहिरी माणसं ओरडतात असा लोकांचा समज असतो, आणि हेमांगी तर घरात सगळ्यांत हळू बोलणारी. नाही, सगळ्यांत नाही. सगळ्यांत हळू ललित बोलायचा. तिचा नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड चालवायचा, ट्रॅक्टरचे, जनरेटरचे, पाण्याच्या इंजिनांचे सायलेन्सर बनवायचा, दिवसभर पत्रा ठोकायचा, आणि तरी त्याचा आवाज असा होता की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागायचं. बुलेटवाली पोरं यायची, आतली जाळी काढून द्या म्हणायची, गाव हललं पाहिजे म्हणायची. ललित त्यांना चहा पाजून परत पाठवायचा. आवाज वाढवायला अक्कल लागत नाही, असं तो म्हणायचा, तेही हळूच. मुलगी बघायला आला होता तेव्हा सगळे पाहुणे एकदम बोलत होते, पावसापाण्याचं, कपाशीचं, आणि हा एकटा कोपऱ्यात बसून तिच्या आईला म्हणाला होता, पोहे छान झालेत. तो आवाज हेमांगीनं आतल्या खोलीतून ऐकला आणि तिथेच तिचं ठरलं. एकोणीस वर्षं ती त्या आवाजात राहिली होती. सांगितलं की काय होणार हे तिला दिसत होतं. तो ओरडायला लागणार. आधी प्रयत्नानं, मग सवयीनं. भाजीत मीठ कमी आहे हे ओरडून, झोप आता हे ओरडून. आणि तो आवाज, जो तिला आता जेमतेम अर्धा मिळत होता, तोही मग नाहीसाच होणार. त्यापेक्षा अर्धा बरा. हा हिशेब वेडेपणाचा आहे हे तिला कळत होतं, पण माणूस सगळे हिशेब शहाणपणाचे करत नाही.

गिरणीतून रिकाम्या हातांनी परत आली त्याच संध्याकाळी ललितनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बातमी सांगितली. सुदैवानं तोंड तिच्याकडे होतं. भूषणचा फोन आला होता. भूषण तिचा धाकटा भाऊ, तापीकाठी माहेरच्या गावात बोट चालवायचा. बॅरेज झाल्यापासून नदी बाराही महिने भरलेली. पलीकडे शेतं असलेली माणसं, दुधाचे कॅन, मोटारसायकली, कधी शेळ्या, सगळं त्याच्या बोटीतून पलीकडे जायचं. विहिरीवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यानं बोटीत बसवलं होतं. त्याचा आवाज दोन कोसांवरून ऐकू यायचा. आता स्वप्नील नावाचा एक फोटोग्राफर त्याच्या मागे लागला होता. लग्न ठरलेली जोडपी घेऊन येतो म्हणाला, प्री-वेडिंग शूटिंग करू, नदी आहे, सूर्यास्त आहे, फक्त हे इंजिन गप करा, नवरी काही बोलायला गेली तर दातच दिसतात नुसते. भूषणनं दाजींना साकडं घातलं होतं आणि दाजी खुश होते. शेवटी एकदाचा आवाज कमी करून मागणारा माणूस भेटला होता. हेमांगीनं पोळी उलटली. तिला ते नको होतं, पण तिनं म्हटलं ते एवढंच की छान.

कारण बोट तिची होती. कागदावर भूषणची असेल, पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली की ती आधी बोटीत जाऊन बसायची. दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला हे तिला सापडलं होतं. गावात आलेल्या सगळ्या लेकी, कुणी सुरतेहून, कुणी पाचोऱ्याहून, आंबे खायला पलीकडच्या शेतात निघाल्या होत्या. भूषणनं हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, आणि बोटीतल्या प्रत्येक बाईनं घसा ताणला. सासूच्या तक्रारी, साडीचे रंग, कुणाच्या तरी नवऱ्याचं नवीन टक्कल, सगळं ओरडून. हेमांगी मध्ये बसली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं, मागचं, पुढचं, पाठीमागून टाकलेला टोमणासुद्धा. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. ओठांकडे न बघता हसणं म्हणजे काय ते ती विसरूनच गेली होती. आपण बोटीत इतरांसारख्या असतो, हे तिनं मनात ठेवलं. त्यानंतर निमित्त काढून ती माहेरी जायची, पलीकडे काही काम नसताना एक फेरी मारून यायची. ललितही कधी बरोबर असायचा, आणि बोटीत त्यालाही जरा आवाज चढवावा लागायचा, जरासाच, की तिला तो नेमका पुरायचा. आणि आता तोच माणूस पत्रा, पाइप आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन तिची ती जागा बंद करायला निघाला होता, मोठ्या हौसेनं.

पहिला प्रयत्न दिवाळीत झाला. खान्देशात विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज कमी करायचा म्हणजे काय करायचं हे कुणालाही विचारा. धुराचा पाइप खाली वाकवायचा, खड्डा खणायचा, खड्ड्यात दगडगोटे, वर फुटकं मडकं, आणि तोंड त्यात सोडून द्यायचं. ललितचे वडील असंच करायचे, भूषणचे वडीलही. बोटीत खड्डा कुठून आणणार. पण खाली एवढी नदी होती. दोघांनी मिळून पाइप वाकवला आणि सरळ पाण्यात सोडला. हेमांगी काठावर ओवाळणीचं ताट हातात घेऊन उभी होती, कारण भाऊबीज होती आणि ओवाळून घ्यायचं सोडून भाऊ पान्हे घेऊन बसला होता. बोट निघाली. आवाज खरंच पडला. मागे नुसते बुडबुडे, आणि इंजिन दूर कुठे तरी उखळात कांडल्यासारखं. काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बोट पलीकडे लागली, भूषणनं इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी परत यायला हँडल मारलं तर हँडल फिरेना. दोघं मिळून लटकले तरी फिरेना. विहिरीवर खड्ड्यात हवा असते. इथे पाणी होतं. इंजिन थांबलं, पाइपातली गरम हवा आकसली, आणि तिनं नदी वर ओढून थेट सिलिंडरपर्यंत नेली. झडपेतून काढलेलं पाणी आणि दुधासारखं पांढरं झालेलं ऑइल ललितनं हातावर घेऊन पाहिलं. शेवटी वल्ही मारत आले.

"दाजी, विहीरवर बठ्ठा असंच करतस," भूषण म्हणाला. "आठे काय व्हयनं?"

"नदीनं पानी पी गयं ते," काठावर बसलेली हेमांगी-भूषणची आई, ताईबाई म्हणाली, आणि मुलाला ओवाळायला बस म्हणाली.

हेमांगीला इतका आनंद झाला की ओवाळताना तिनं ताट एकदा जास्तच फिरवलं. बरं झालं, बरं झालं, असं आत काहीतरी उड्या मारत होतं. भाऊ समोर पाटावर बसला होता, हातांना काळं ऑइल, तोंड उतरलेलं. इंजिन पूर्ण खोलावं लागणार होतं, तोवर गावाची ये-जा वल्ह्यांवर. आणि आपण खुश आहोत. तिनं त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि स्वतःची तिला भीती वाटली. घरी परतताना ती ललितच्या मोटारसायकलवर मागे बसली होती. धुळे जिल्ह्यातली सगळ्यात गप मोटारसायकल ती, सायलेन्सरवाल्याची गाडी. नरडाण्याच्या फाट्यापर्यंत त्यानं मान जराशी वळवून दोनतीनदा काहीतरी म्हटलं. पाठीला तोंड नसतं. ती दर वेळी त्याच्या खांद्यावर थाप मारून हो ना म्हणाली. मग तो काही बोलला नाही. तिला वाटलं, इंजिनाचं मनाला लावून घेतलंय.

पण तो त्याआधीपासूनच कमी बोलायला लागला होता, हे तिला त्या हिवाळ्यात उमगत गेलं. हेमराज, त्याचा शेडमधला भागीदार, बारा वर्षं बरोबर काम केलेला, तो वेगळा झाला ते ललितनं तिला बेसिनवर तोंड धुता धुता सांगितलं होतं. पाठमोरा, नळ बंद केल्यावर. तिनं म्हटलं होतं, बरं झालं. कशाला म्हटलं हे तिला तेव्हा माहीतच नव्हतं. आठवड्यानंतर हेमराजची बायको बाजारात भेटून डोळे पुसायला लागली तेव्हा कळलं. घरी येऊन तिनं ललितला विचारायला पाहिजे होतं. पण विचारायचं म्हणजे आधी कळलं नव्हतं हे कबूल करायचं. तिनं त्याच्या ताटात शेवभाजी जास्त वाढली. शेवभाजीनं काय होणार. आता तो संध्याकाळी जमिनीवर बसून खडूनं फरशीवर पाइप काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. पूर्वी असं काही करताना तो तिला बोलावायचा, हे बघ, धूर इथून येईल, इथे फसेल. आता बोलावत नव्हता. ती पोळ्या लाटता लाटता बघायची. पाइप आधी उंच चढत होता, मग खाली येत होता. ट्रकच्या ब्रेकची जुनी हवेची टाकी मध्ये बसत होती, तिच्यात आडवे पडदे. इंजिन थंड करून आलेलं पाणी त्याच टाकीत सोडलं होतं, म्हणजे धूर भिजून, दमून बाहेर पडणार. आणि तोंड नदीच्या वर, वीतभर. नदीला आता वर यायला वाट नव्हती. इतकं सुरेख काम होतं की तिला त्याचा अभिमान वाटला, आणि ते पूर्ण होऊ नये असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं.

पौषात एका रविवारी टाकी बसली. त्याच दिवशी पलीकडच्या शेतात भरिताचा बेत होता; तिकडची हिरवी लांबट वांगी नुकतीच भरात आली होती आणि पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग भाजायला तयारच होता. ताईबाई भाकरी बांधून, हेमांगी मिरच्या-लसणाची पिशवी घेऊन बोटीत बसली. ललितनं टाकीवरून एकदा हात फिरवला. भूषणनं हँडल मारलं. हेमांगीनं लहानपणापासूनच्या सवयीनं दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली, आणि काही झालं नाही. फळी नेहमीसारखी हादरली नाही, इंजिनाखाली ललितनं रबराचे जाड तुकडे घातले होते. काठ हलायला लागला तेव्हा कळलं की आपण निघालोय.

"माय, हाई बोट चालू शे का बंद शे?" ताईबाई म्हणाली. ते हेमांगीनं तिच्या तोंडावरून वाचलं.

मग सगळे हळू बोलायला लागले. देवळात आल्यासारखे. भूषण मागे काहीतरी म्हणाला आणि आईनं तोंडाला पदर लावून उत्तर दिलं, पदराआड. हेमांगीच्या डोळ्यांसमोर नदी होती, निळीकरडी, सपाट, थंडीतलं ऊन तिच्यावर पसरलेलं, दूर बगळ्यांची रांग, आणि हे सगळं तिनं आजवर धडधडाटात पाहिलं होतं. आज ते काचेपलीकडे गेलं. ती पतसंस्थेत बसल्यासारखी हसरा चेहरा करून बसली. गंमत म्हणजे तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटत नव्हतं. ऊन चांगलं होतं. आईचा खांदा खांद्याला लागला होता. आता कुठेच जागा उरली नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात थोडं सुटल्यासारखंही वाटलं, लपायला खोल्या संपल्या की लपणाराही उठून उभा राहतोच.

ललित उठून तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या हातांना अजून ग्रीसचा वास होता. तो खुश असणार असं तिला वाटलं, पण तो पाण्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही, आणि बघता बघताच काहीतरी म्हणाला. लहानसं वाक्य. हो ना तिच्या जिभेवर आलं. नेहमीसारखं, आपोआप, अगदी तयार. पण त्याच्या गालाची बाजू तिला दिसत होती, आणि बोलून झाल्यावर तो ग्रीसचे हात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत राहिला. या वाक्यासाठी तो बरेच दिवस थांबला असावा. शांततेची वाट बघत असलेला माणूस तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

"मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि हात हलवला. काही नाही, जाऊ दे. गेल्या दोन वर्षांत तिला सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटली असेल तर या जाऊ देची. माणसं दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा करतात आणि जाऊ दे म्हणतात, आणि ते वाक्य कायमचं जातं. हे जाऊ द्यायचं नव्हतं.

"जाऊ दे म्हणू नका," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. कानातलं हाड ताठ झालंय, जळगावला दाखवलं मी. तुम्ही पाठमोरे काही बोललात की मला एक अक्षर कळत नाही. मी नुसती हो ना म्हणते."

तो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग एकेक यायला लागलं. तो मागे जाऊन एकेक हो ना उचलून बघत होता हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्याला दुखतंय हे दिसलं, आणि दुखता दुखता काहीतरी सुटतंय हेही दिसलं. तो पुन्हा बोलला, थोडा मोठ्यानं. तिनं मान हलवली. आणखी मोठ्यानं. ओठ कळले, तुला, माझा, आणि पुढचं त्यानं मान खाली घातल्यामुळे गेलं. तिनं पुन्हा मान हलवली. मग ललितनं छाती भरून श्वास घेतला आणि एकोणीस वर्षांत तिनं कधी न ऐकलेल्या आवाजात, जो वर जाऊन जरा फाटला, तो ओरडला.

"तुला माझा कंटाळा आलाय का, असं विचारत होतो!"

काठावर कपडे धुणाऱ्या बाया ताठ झाल्या. भूषणनं सुकाणू धरलेला हात तसाच ठेवून तोंड उघडं ठेवलं. ताईबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"जवाई, हळू बोला ना," ती म्हणाली. "बठ्ठा गाव ऐकी राहिना."

हेमांगीला प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं. तो त्याचा पोह्यांचा आवाज नव्हता. पण त्याचाच होता. फाटला तिथेसुद्धा त्याचाच होता. ज्याची तिला दोन वर्षं धास्ती होती ते होऊन गेलं होतं आणि नदी होती तिथेच होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, आणि कुठलं आधी पुसावं हे कळेना.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं कानामागे हात नेला. हसण्यारडण्यात ती नेहमीपेक्षाही हळू बोलली होती. मग ती फळी सोडून उभी राहिली.

"नाही आला," ती ओरडली. "आणि सकाळपासून काय काय बोललात ते सगळं परत सांगा."

ललितनं आठवून पाहिलं. मग तोही उभा राहिला.

"निघताना म्हणालो होतो, मीठ घे!"

ताईबाईनं भाकरीचं गाठोडं सोडून पाहिलं. हेमांगीनं पिशवी उलटी केली. मिरच्या होत्या, लसूण होता, कोथिंबीर होती. भूषणनं बोट अलीकडच्या काठाकडे वळवली, आणि ललित उभ्या उभ्या पुढचं सांगायला लागला, मोठ्यानं.